निर्दोषतेचा हट्ट आणि मनाचे स्वास्थ्य

(वर्षावासानिमित्त मुकुंदवाडी येथील बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मनाच्या आरोग्यावर बोला, असे संयोजकांनी मला सांगितले तेव्हा मी त्यांना स्पष्ट म्हणालो की, मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्राचा प्राध्यापकही नाही. कला शाखेचा एक पदवीधर, बँकेत कारकून. त्यावर ते म्हणाले, औषध सांगू नका, विचार सांगा. म्हणून मी आपल्यासमोर उभा आहे. जे वाचले, जे पाहिले आणि जे आपल्या वस्तीत रोज दिसते त्यावरच बोलणार आहे.

विषय मी थोडा आखडून घेतला आहे. मनाला त्रास देणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. बेकारी आहे, कर्ज आहे, व्यसन आहे, घरातील कलह आहे. त्यांवर या व्यासपीठावरून अनेकदा बोलले गेले आहे. मी अशा एका सवयीबद्दल बोलणार आहे, जिला कोणी सवय म्हणत नाही, सगळे गुण म्हणतात. सगळे बिनचूक झाले पाहिजे, शंभर टक्के झाले पाहिजे, कोणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये, असा हा गुण. इंग्रजीतून आलेला शब्द आहे परफेक्शनिझम. मी त्याला मराठीत निर्दोषतेचा हट्ट म्हणतो.

आरंभीच एक खुलासा करतो, म्हणजे गैरसमज होणार नाही. चोख काम करणे आणि निर्दोषतेचा हट्ट धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातले साधे उदाहरण घ्या. भाकरी एका बाजूने करपली. चोख काम करणारी बाई म्हणते, तवा जास्त तापला, पुढची भाकरी मंद आचेवर टाकू. तिचे लक्ष तव्याकडे असते. हट्ट असलेली बाई म्हणते, इतकी वर्षे झाली, मला साधी भाकरी जमत नाही, पाहुणे काय म्हणतील? तिचे लक्ष तव्यावरून उठून स्वतःवर जाते. ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेते आणि पाहुणे गेल्यावरही तीच आठवत बसते. भाकरी दोघींचीही करपली होती. पहिलीने ती दुरुस्त केली, दुसरीने स्वतःला शिक्षा दिली.

हा हट्ट कसा ओळखावा? त्याच्या काही खुणा आहेत. ९२ गुण मिळाले तर गेलेल्या ८ गुणांचाच विचार करणे. अर्ज चारदा लिहून फाडणे आणि शेवटी मुदत निघून जाणे. कोणाला मदत मागायची नाही, कारण मागितली तर आपल्याला येत नाही हे उघड होईल. कोणी स्तुती केली तर खोटी वाटणे आणि कोणी एक शब्द दोषाचा बोलला तर तो आठवडाभर कानात घुमणे. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभराची उजळणी करणे. शरीर याची किंमत मोजते. झोप उडते, डोके ठणकते, पित्त वाढते. घरात चिडचिड होते, आणि ती बहुधा लहानांवर निघते.

यात एक मोठा विरोधाभास आहे. लोकांना वाटते की असा माणूस जास्त काम करत असेल. पुष्कळदा उलटे होते. काम उत्तमच झाले पाहिजे या धास्तीने तो सुरुवातच करत नाही. आज मन लागत नाही, उद्या निवांत बसून करू, असे म्हणत राहतो. मुदत अंगावर आली की घाईत करतो, घाईत चुका होतात, आणि मग स्वतःला म्हणतो, बघ, तुला जमतच नाही. ज्याला आपण आळशी म्हणतो तो मुलगा कधी कधी आळशी नसतो, घाबरलेला असतो. आईवडिलांनी हा फरक ओळखला पाहिजे.

मानसशास्त्रज्ञांनी या सवयीचा बराच अभ्यास केला आहे. कॅनडातील पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या दोन अभ्यासकांनी १९९१ साली तिचे तीन प्रकार सांगितले. पहिला, स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा करणे. दुसरा, बायको, मुले, हाताखालची माणसे अशा इतरांकडून तशी अपेक्षा करणे. तिसरा, लोक आपल्याकडून निर्दोषतेची अपेक्षा करतात आणि ती पुरी झाली नाही तर ते आपल्याला मोजणार नाहीत, असे मनात पक्के बसणे. पुढे थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या ब्रिटनमधील अभ्यासकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील ४१ हजारांवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील उत्तरे एकत्र करून तपासली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले. सर्वांत जास्त वाढला तो तिसरा, लोकांच्या नजरेचा. मन खचण्याशी अधिक जवळचे नाते आहे तेही याच तिसऱ्या प्रकाराचे.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. हा तिसरा प्रकार आपल्या समाजात कोठून आला?

बांधवांनो, आपली मुकुंदवाडी ही जालना रस्त्याच्या कडेची कष्टकऱ्यांची वस्ती. कोणाचे वडील, कोणाचे आजोबा मराठवाड्यातील खेडे सोडून कामासाठी येथे आले. कोणी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पाळी केली, कोणी बांधकामावर पाट्या उचलल्या. त्यांच्या मुलांतून शिक्षक झाले, नर्स झाल्या, कारकून झाले, इंजिनिअर झाले. घरातला पहिला पदवीधर, घरातला पहिला नोकरदार. हा पहिला माणूस जेव्हा कार्यालयात खुर्चीवर बसला, तेव्हा तो एकटा बसला नाही. त्याच्या खांद्यावर सगळा समाज बसला. शेजारच्या टेबलावरचा माणूस चुकला तर लोक म्हणत, साहेबांचे आज लक्ष नव्हते. आपला माणूस तीच चूक करायचा तर लोक म्हणत, कोट्यातला आहे, दुसरे काय होणार! एकाची चूक त्या दिवसाची असते. दुसऱ्याची चूक जातीची ठरते. नोकरी केलेल्या प्रत्येकाने हे वाक्य केव्हा ना केव्हा ऐकले आहे, तोंडावर नाही तर पाठीमागे.

याचा परिणाम कसा होतो याचा एक प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. २००४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली आणि मग कोडी दिली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले त्याच दर्जाची होती आणि कोडी त्याच प्रकारची होती. मध्ये फक्त एक नजर आली होती.

या नजरेवर आपल्या आधीच्या पिढीने एक उपाय शोधला, तो म्हणजे चूकच करायची नाही. कपडे कडक इस्त्रीचे, हस्ताक्षर मोत्यासारखे, कार्यालयात सर्वांच्या आधी हजर, सर्वांच्या नंतर घरी. इतरांच्या दुप्पट चांगले काम करा म्हणजे निम्मी तरी किंमत मिळेल, हे आपण घराघरांत ऐकत आलो. मी त्या पिढीला दोष देत नाही. ती त्यांची ढाल होती आणि त्या ढालीमागे आपण वाढलो. परंतु ढाल हातात धरून जेवता येत नाही, झोपता येत नाही, लेकराला जवळ घेता येत नाही. ढाल बाहेरच्या दारापाशी ठेवायची असते. आपण ती घरात आणली, आणि आता आपलीच मुले तिच्यावर आपटत आहेत.

यावर तथागतांच्या काळातील एक घटना मला फार मोलाची वाटते. विनयपिटकातील महावग्गात आणि अंगुत्तर निकायात ती आलेली आहे. चंपा नगरीतील सोण कोळिविस नावाचा एका श्रीमंत घरातील मुलगा भिक्खू झाला. अत्यंत सुकुमार. राजगृहाजवळ सीतवनात तो चंक्रमण करीत असे. इतक्या अट्टहासाने की पायांची कातडी फाटून चालण्याची वाट रक्ताने भरली. एवढे करूनही चित्त मुक्त होत नाही हे पाहून त्याच्या मनात आले, आपल्याच्याने हे होणार नाही, घरी परत जावे. पाहा, निर्दोषतेचा हट्ट कसा वागतो! एक तर रक्त निघेपर्यंत, नाही तर सगळेच सोडून. मधली जागा त्याला दिसतच नाही.

बुद्धांनी त्याला विचारले की, तू पूर्वी वीणा वाजवीत होतास, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत होती का? फार सैल ठेवल्या तर वाजत होती का? वीणा वाजवणाऱ्याला याचे उत्तर शिकवावे लागत नाही. त्याचप्रमाणे प्रयत्नही फार ताणला तर मन अस्वस्थ होते आणि फार सैल सोडला तर सुस्ती येते, हे बुद्धांनी त्याला समजावले. प्रयत्न सोड, असे ते म्हणाले नाहीत. तार जुळव, असे सांगितले. पुढे हाच सोण अर्हत झाला, आणि उत्साहाने प्रयत्न करणाऱ्या भिक्खूंत बुद्धांनी त्यालाच अग्रस्थान दिले.

या कथेचा उत्तरार्ध आपण फारसा सांगत नाही. महावग्गात तो आहे. सोणाचे पाय पाहून बुद्धांनी त्याला पायात वहाणा घालण्याची मुभा दिली. सोण नको म्हणाला. त्याची अडचण अशी होती की, ऐंशी गाड्या सोने सोडून आलेला सोण आता एका वहाणेला चिकटला, असे लोक म्हणतील. सगळ्या संघाला परवानगी असेल तर मीही वापरीन. लोक काय म्हणतील, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही होता! यावर बुद्धांनी काय केले? सोणाला कमकुवत ठरवले नाही. त्यांनी नियम बदलला आणि सर्व भिक्खूंना एकपदरी वहाणांची परवानगी दिली. एका माणसाचे पाय रक्ताळले तेव्हा सगळ्या संघाची रीत सुधारली. या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आपण रोज पंचशील ग्रहण करतो. त्यात प्रत्येक वेळी 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खा म्हणजे शिक्षण, अभ्यास. मी निर्दोष आहे, असे आपण कधीही म्हणत नाही. मी हे शिकण्याचा संकल्प करतो, एवढेच म्हणतो, आणि उद्या पुन्हा म्हणतो. रोज म्हणावे लागते याचाच अर्थ असा की, रोज थोडे राहून जाते हे धम्माने गृहीत धरले आहे.

येथे माझे तरुण मित्र एक आक्षेप घेतील. ते म्हणतील, साहेब, आम्ही जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. बाबासाहेबांनी कष्टाची परिसीमा केली. आणि तुम्ही आम्हाला तार सैल करायला सांगता?

मित्रांनो, बाबासाहेबांचे कष्ट आणि निर्दोषतेचा हट्ट एक नव्हेत. पुरावा देतो. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर झाला, तेव्हा परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. फेरलेखन करा, असे १९२३ साली सांगण्यात आले. हातातले पैसे संपत आलेले. बाबासाहेब मुंबईला परतले, येथे बसून त्यांनी मजकूर सुधारला आणि पुन्हा लंडनला पाठवला. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. त्या पुस्तकाची प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि आपल्याला लेखकाचे अनेक युक्तिवाद मान्य नाहीत असे त्यांनी तीत उघड नमूद केले. बाबासाहेबांनी ती प्रस्तावना पुस्तकाच्या सुरुवातीला छापली! निर्दोषतेचा हट्टी माणूस असे कधी करू शकेल काय? त्याला परत आलेला प्रबंध म्हणजे स्वतःचा पराभव वाटला असता. बाबासाहेबांनी तो परत आलेला कागद मानला, आणि कागद सुधारता येतो.

याहून मोठा पुरावा भारतीय संविधानाचा आहे. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हा आकडा बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला. मसुदा समितीच्या अध्यक्षाने एवढ्या सूचना ऐकल्या, काही स्वीकारल्या, काही कारणे देऊन नाकारल्या. आणि इतके करूनही संविधानात कलम ३६८ ठेवले गेले, म्हणजे पुढे हे दुरुस्त कसे करावे याची रीतही त्यातच लिहिली. संविधान लागू होऊन दीड वर्ष झाले नव्हते, तोच १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते. २०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या. ज्या ग्रंथावर आपले हक्क उभे आहेत, तो आपण पूर्ण निर्दोष असल्याचा दावा करीत नाही. दुरुस्तीची सोय आहे म्हणून तो टिकला. मग आपल्या लेकराच्या वहीत खाडाखोड झाली तर आपण पान का फाडायला लावतो?

आणखी एक लहानशी गोष्ट. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, चित्रे काढत होते. एवढा विद्वान माणूस शिकाऊ विद्यार्थी म्हणून सूर चुकवायला तयार होता. यात मला मोठे मानसिक आरोग्य दिसते.

थोडे माझ्या व्यवसायाबद्दल सांगतो. लोकांना वाटते, बँक म्हणजे बिनचूक माणसांची जागा. खरे तर बँकेची सारी पद्धत माणूस चुकणारच हे मान्य करून उभी आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. यात पहिल्याचा अपमान नाही, ती रीत आहे. चुकीची नोंद झाली तर ती पुसून टाकायची नाही. उलट नोंद करून ती फिरवायची, म्हणजे काय झाले होते आणि ते कसे दुरुस्त केले, हे दोन्ही दिसते. ज्या रकमेचा मेळ लागत नाही, तिच्यासाठी सस्पेन्स खाते असते. जुने लोक त्याला उचंत खाते म्हणत. रक्कम तेथे मांडून ठेवायची आणि शोध चालू ठेवायचा. फरक लपवायचा नाही, आणि त्यासाठी सगळी बँकही बंद ठेवायची नाही. माणसाच्या मनालाही असे एक उचंत खाते हवे. आज जे सुटले नाही ते तेथे लिहावे आणि रात्री झोपावे.

माझ्यासमोर चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम केलेले बरेच बांधव बसले आहेत. त्यांना तर हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ड्रॉइंगवर नुसते २५ मिलिमीटर लिहिलेले नसते, पुढे अधिक-उणे किती चालेल तेही लिहिलेले असते. त्याला टॉलरन्स म्हणतात. तंतोतंत २५ मिलिमीटरचा शाफ्ट जगात कोणी बनवत नाही. जेवढी गरज तेवढाच टॉलरन्स आवळतात, कारण उगाच आवळला तर खर्च वाढतो आणि रिजेक्शन वाढते. लोखंडाला आपण अधिक-उणेची सवलत देतो. आपल्या पोटच्या मुलाला मात्र देत नाही.

कोणी असे समजू नये की मी ढिलाईचा पुरस्कार करतो आहे. नर्सने औषधाची मात्रा तपासलीच पाहिजे. वायरमनने मेन स्विच बंद केलाच पाहिजे. जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे टॉलरन्स कमीच असतो. पण लक्षात घ्या, तेथेही भरवसा एका माणसाच्या अचूकपणावर ठेवत नाहीत. दोघे तपासतात, यादी पाहतात, विचारतात. आणि जेथे चूक लपवावी लागते, तेथे धोका वाढतो. ज्या घरात चुकीला मार आहे, त्या घरातले मूल प्रगतिपुस्तक लपवते. त्या प्रसंगी सुधारायची संधी आपणच घालवतो.

माता-भगिनींसाठी दोन शब्द. नोकरी करणाऱ्या बाईने कार्यालयात पुरुषाइतके, घरात सासूच्या तोडीचे आणि मुलांच्या अभ्यासात शिक्षकासारखे असावे, अशी अपेक्षा आहे. तिन्हीकडे शंभर टक्के कोणालाही शक्य नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ होऊन गेले. हजारो माता आणि बालके त्यांनी पाहिली. त्यांचे म्हणणे असे की, मुलाला परिपूर्ण आईची गरज नसते, पुरेशी चांगली आई लागते. आई हळूहळू थोडी थोडी कमी पडते म्हणूनच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकते. घरातल्या पुरुषांना मी विनंती करतो की, हे ऐकून नुसते टाळ्या वाजवू नका. तिघांचे काम एकटीवर पडले आहे, त्यातले काही आपल्या हातात घ्या.

आता प्रत्यक्ष काय करावे? मला सुचलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, काम सुरू करण्यापूर्वी 'पुरेसे' म्हणजे किती ते ठरवा. अर्ज एकदा लिहायचा, एकदा तपासायचा, पाठवायचा. तिसरी वेळ नाही.

दुसरी, स्वतःशी बोलण्याची भाषा बदला. 'मी असाच नालायक' हे वाक्य दुरुस्त करता येत नाही. 'बेरीज करताना हातचा राहिला' हे वाक्य दुरुस्त करता येते. दुसऱ्या प्रकारची वाक्ये बोला.

तिसरी, अर्धे झालेले काम विश्वासाच्या माणसाला दाखवा. सुरुवातीला जड जाते. पण आपली चूक दुसऱ्याने पाहिली आणि तरी तो आपल्याशी पूर्वीसारखाच बोलला, हा अनुभव घेतल्याशिवाय मनातली धास्ती जात नाही.

चौथी, निकालाच्या दिवशी मुलाला पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारू नका. जेवलास का, असे विचारा. टक्के तो आपणहून सांगेल. शेजारच्या मुलाचे टक्के तर त्या दिवशी घरात उच्चारूच नका.

एवढ्याने भागत नसेल, झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ती तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ आहे. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनाशुल्क मराठीत बोलता येते. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, मनाला ताप आला तर जायला लाज कसली?

शेवटी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडे एक मागणी मांडतो. मघाशी मी सांगितले की, सोणाचे पाय रक्ताळले तेव्हा बुद्धांनी सगळ्या संघाची रीत बदलली. आपणही एक रीत बदलू या. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. ८५, ९०, ९५ टक्केवाल्यांना पुष्पगुच्छ आणि ग्रंथ देतो. तो सत्कार जरूर चालू राहावा, त्यांनी कष्ट केले आहेत. पण दहावीत नापास झालेल्या मुलांसाठी राज्य मंडळाने २०१५ पासून लगेचच पुरवणी परीक्षा सुरू केली. निकाल लागल्यावर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसायचे, वर्ष वाया जात नाही. जे मूल सगळ्या गल्लीसमोर नापास होते, तोंड लपवून बसत नाही, पुन्हा पुस्तक उघडते आणि पास होते, त्याच्याइतके धैर्य मला दुसऱ्या कोणात दिसत नाही. त्या मुलांचाही याच व्यासपीठावर, त्याच दिवशी, त्याच पुष्पगुच्छाने सत्कार व्हावा. त्यांचे नाव शेवटी, घाईघाईत वाचले जाऊ नये. त्या पहिल्या सत्काराला लागणाऱ्या ग्रंथांचा खर्च मी देईन, हे आजच सांगून ठेवतो.

आपल्या समाजाला दीर्घकाळ स्वतःला सिद्ध करावे लागले आणि आजही काही ठिकाणी करावे लागते. तो लढा बाहेर चालू राहील. घर आणि विहार या दोन जागा मात्र अशा असाव्यात की, जेथे कोणाला काही सिद्ध करावे लागू नये. तेथे चुकलेला माणूस मान वर करून बसू शकला पाहिजे. एवढे झाले तर आपली मुले भीतीपोटी करतात तेच काम आवडीने करतील, आणि मला खात्री आहे, ते अधिक चोखच होईल.



नमो बुद्धाय! जयभीम!